कुर्दाशाची शिवी

पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून ओरोझबायशी सगळं घर गोड बोलू लागलं होतं, आणि त्या गोडव्याचाच त्याला वीट आला होता. बायको, सुना, शेजारी, खुद्द मुल्लासुद्धा एकच सांगत, ‘अल्सर आहे, बरा होईल.’ खरं काय ते विचारण्यात अर्थ नव्हता. वाईट आजाराचं नाव आजाऱ्यासमोर कुणी काढायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत. आणि रीत पाळण्यात ही माणसं भलती कडक.

त्याची सगळी भिस्त तुर्दुबेकवर होती. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे कुर्दाश. कुर्दाशाने वाटेल ते बोलावं. राग मानेल त्याचीच गावात छी-थू. तुर्दुबेक दर शुक्रवारी दारातूनच ओरडायचा, “अजून गेला नाहीस का रे? तुझ्या मयताच्या जेवणासाठी पोट रिकामं ठेवून ठेवून दमलो मी!”

“तुझ्या मयताचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण जेवूनच जाईन, टकल्या!”

त्या दिवशी ओरोझबाय वाडगाभर रस्सा प्यायचा, आणि तो पोटात टिकायचाही. हा शिव्या देतोय तोवर आपण मरत नाही, असं त्याने मनाशी घट्ट धरलं होतं.

त्याच्या बायकोला, कुलिपाला, हे अजिबात खपत नसे. “भावोजी, जिभेला काही हाड आहे की नाही? आजारी आहेत ते!”

तपासणीचे कागद आणायला तुर्दुबेकच शहरात गेला होता. या शुक्रवारी तो हळूच दार लोटून आत आला आणि उशाशी बसला.

“कसं वाटतंय? चेहऱ्यावर तेज आलंय हं. उन्हाळ्यात कुरणावर जाऊ आपण.”

ओरोझबाय कोपरावर उठला. “कागदात काय निघालं?”

“काही नाही. सगळं ठीक आहे.”

“मग शिवी दे.”

तुर्दुबेकने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“दे ना रे! गाढवा, तुला बापाने उकिरड्यावरून उचलून आणलं! हं, आता तू. एकच दे.”

“तू... म्हाताऱ्या बोकडा...” तुर्दुबेकने मित्राचं पांघरूण नीट केलं. “आराम कर तू.”

“चालता हो. गोड बोलणाऱ्यांनी घर भरलंय माझं.”

ओरोझबायने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर कुलिपा चहा ओतत होती; तिचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला.

“आज कुठे माणसासारखं बोललात, भावोजी. बघा, किती शांत पडलेत ते.”