डब्यांची कोशिंबीर

आमच्या धातू शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटतो. मातीखाली काय पडलंय, त्याचा अंदाज. वीसपर्यंत लोखंड. चाळिशीच्या आसपास पत्रा, पण सोनंही तिथेच, म्हणून सगळा घोळ. ऐंशीच्या वर चांदी, कासं, असलं काही. मी पुढच्या प्रत्येक तुकड्यावर आकडा टाकते आहे. खणायचं की ओलांडून जायचं, ते तुम्ही ठरवा.

८१

क्लेमंट गॅरडच्या बंडीच्या खिशात अर्धा घुंगरू असतो. काशाचा, कधीतरी कुणाच्या घोड्याच्या गळ्यातला, नांगराने दुभंगलेला. चौदा वर्षांपूर्वी कोल्ड एकर नावाच्या कुरणात त्याला तो मिळाला. उरलेला अर्धा तिथेच कुठेतरी आहे, या एका समजुतीवर क्लेमंट दर रविवारी तिथे जातो.

"एकदा वाजवून बघायचाय, डोरीन," तो मला म्हणतो.

"दोन अर्धे जोडून घुंगरू वाजत नाही. आतली गोळी कुठून आणशील?"

"ती नंतर शोधू."

डोरीन म्हणजे मी. क्लेमंट आधी पोस्टमन होता, आता बहात्तर वर्षांचा आहे. मी त्याच्या बरोबरीने खणते, आणि आम्हा खणणाऱ्यांच्या मंडळाच्या शेडमध्ये चहा आणि बादल्या सांभाळते. बादल्या चार: लोखंड, शिसं, पितळ, पत्रा. आमचा नियम असा, की जमिनीतून निघालेली वस्तू परत खड्ड्यात जात नाही आणि कुंपणातही भिरकावायची नाही. ती बादलीत येते. वर्षातून दोनदा भंगारवाल्याचा ट्रक येतो, बादल्या रिकाम्या होतात आणि तो कुठल्याशा भट्टीकडे निघून जातो.

चौथी बादली जवळजवळ एकट्या क्लेमंटची. कोल्ड एकरच्या कडेने मोठा रस्ता जातो. मोटारीतले लोक पेयांचे रिकामे ॲल्युमिनियमचे डबे खिडकीतून गवतात टाकतात. मग गवत कापायचं यंत्र फिरतं आणि डब्याच्या वीस चिंध्या होतात. आम्ही त्यांना डब्यांची कोशिंबीर म्हणतो. क्लेमंटला सोनं सुटेल अशी धास्ती, म्हणून तो एकही चाळिशी सोडत नाही. त्यामुळे मंडळात त्याचंही नाव कोशिंबीर.

"काय कोशिंबीर, मीठ-बीठ घातलं का?"

"दही आणा, मग घालतो."

०७

हे लोखंड. क्लेमंट इथून सरळ पुढे गेला असता.

त्याच्या यंत्राला एक खटका आहे. तो एका बाजूला सरकवला की यंत्र लोखंडापुढे मुकं होतं. अकरा वर्षांपूर्वी क्लेमंटने तो तसा सरकवला आणि वर काळी चिकटपट्टी लावली.

"आयुष्यभर खिळ्यांशी बोललो," तो म्हणाला होता. "आता चांगल्या लोकांशीच बोलायचं."

पट्टी पुढे मळली, यंत्राच्या रंगात मिसळली. त्यालाच ती दिसेनाशी झाली.

५०

आमच्यात शेताला शेत म्हणत नाहीत, परवानगी म्हणतात. 'माझ्या परवानगीत पाणी साचलंय,' असं आम्ही बोलतो. कोल्ड एकर ही क्लेमंटची परवानगी होती. अडचण एवढीच, की ती बेसिल पेटिटचीही होती.

बेसिल गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायचा. मला त्याने दोनदा नापास केलंय, दोन्ही वेळा आरसा न बघितल्याबद्दल. अजूनही कुणी खड्डा नीट बुजवला नाही की तो वहीत टिपतो. तो आणि क्लेमंट कुरणाच्या मधोमध उभे राहून 'मी आधी आलो' यावर तासभर बोलायचे. गाई घोळका करून ऐकत.

एप्रिलमध्ये मिस थर्लोंनी दोघांना गोठ्यात बोलावलं. मी क्लेमंटला गाडीतून नेलं होतं, म्हणून मीही आत गेले. मिस थर्लो एक्याऐंशी वर्षांच्या, कुरण त्यांचं, बावीस गाईही त्यांच्याच. त्या हिवाळ्यात त्यांची पर्ल नावाची गाय गेली होती.

"पोटात धातू गेला," त्या म्हणाल्या. "चाऱ्यातून. मला तुमची भांडणंही नकोत आणि तो धातूही नको. शनिवारी या. मधून दोरी बांधते. एक अर्धं तुझं, क्लेम, एक बेसिलचं. सकाळी नऊ ते चार. गाई मारणारा धातू जो जास्त काढेल, परवानगी त्याची. दुसऱ्याने फाटकातही पाऊल टाकायचं नाही."

"आणि नाणी निघाली तर?" क्लेमंटने विचारलं.

"नाणी गाय खात नाही."

गाडीत बसल्यावर क्लेमंट बराच वेळ खिशातला घुंगरू चाचपत होता.

"गेलं तर गेलं," मी म्हटलं. "दुसरी शेतं आहेत."

"दुसऱ्या शेतात त्याचा दुसरा अर्धा नाही."

१२

पुन्हा लोखंड. भरपूर.

शनिवारी बेसिल हातगाडी घेऊन आला. त्याने आपलं यंत्र उलटं लावलं होतं: फक्त लोखंड ऐकायचं, बाकी सगळं गप्प. तारा आणि खिळे गाईच्या पोटात जातात, हे इथे शेंबडं पोरसुद्धा जाणतं, म्हणून. साडेनऊला त्याने नाल काढला. दहाला साखळी. अकराला नांगराचा आख्खा फाळ, आणि तो दोन्ही हातांनी उचलून क्लेमंटला दिसेल असा धरला.

क्लेमंट आपल्या अर्ध्यात शांतपणे फिरत होता. मध्येच गुडघ्यावर बसायचा, काही चिमटीने उचलायचा, बादलीत टाकायचा. टिण्. परत उठायचा.

बाराला मी चहा नेला.

"किती झालं?"

"कोशिंबीर," तो म्हणाला. "पण डोरीन, माझं नशीब बघ. माझ्या अर्ध्यात लोखंडच नाही. एक खिळा वाजला नाही सकाळपासून."

पलीकडे बेसिलने हातगाडीत काहीतरी आदळलं. एकाच कुरणाच्या एका बाजूला एवढं लोखंड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, हे मला पटेना. मी यंत्र हातात घेतलं. ती पट्टी मला दिसली. मी नखाने तिचं टोक उचललं.

क्लेमंटने माझ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. चहा बशीत सांडला.

"अकरा वर्षं," तो म्हणाला.

"सोल आता. चार तास आहेत."

त्याने सोलायला घेतली. अकरा वर्षांचं ऊन आणि चिखल खाऊन पट्टी खटक्याशी एकजीव झाली होती. पट्टी निघाली, तिच्याबरोबर खटकाही निघाला; यंत्र लोखंडापुढे मुकं ते मुकंच. तो त्याच्या तळहातावर पडून राहिला, दातासारखा.

"आता?" मी म्हटलं.

"आता जे ऐकू येतंय ते काढायचं. दुसरं काय."

तो परत गेला. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदाच घुंगराला हात न लावता चार तास चालताना पाहिलं.

४०

चार वाजता मिस थर्लोंनी ताडपत्री अंथरली. बेसिलने हातगाडी उलटली. जमीन हादरली. अकरा नाल, फाळ, साखळी, कुळवाचे दात, काटेरी तार, ढीगभर खिळे, आणि कुणाच्या तरी पलंगाची स्प्रिंग.

क्लेमंटने बादली उलटली. ताडपत्रीवर एक चकचकीत, चिरफाळलेला ढीग झाला. लाल, निळे, हिरवे तुकडे. अर्धी बादली भरेल एवढा, आणि फुंकर मारली तर उडेल असा.

"सोबत भाकरी आणली असती," बेसिल म्हणाला.

"तू जेवलास ना दिवसभर? लोखंडी चणे?"

"तुझ्या अर्ध्यावर यंत्र फिरवून बघ, क्लेमंट. पावलागणिक लोखंड लागेल. तू ते बघितलंच नाहीस." बेसिलने वही काढली. "हे आरसा न बघण्यासारखंच झालं."

शेवटचं वाक्य बोलताना त्याची नजर माझ्याकडे होती.

मिस थर्लोंनी कोटाच्या खिशातून दोरीला बांधलेला एक गुळगुळीत, बोटाएवढा लोहचुंबक काढला. बेसिलच्या ढिगावर सोडला. साखळी उडून चिकटली, तार चिकटली, खिळ्यांची दाढी लोंबू लागली. बेसिल हसला. मग त्यांनी तो क्लेमंटच्या ढिगावर सोडला. तो नुसताच लोंबकळला. एक तुकडा हलला नाही.

"झालं तर," बेसिल म्हणाला.

"काय झालं?" मिस थर्लो म्हणाल्या. "असला एकेक चुंबक माझ्या सगळ्या गाईंच्या पोटात आहे. वासरू मोठं झालं की गिळायला घालते. खिळा गेला, तार गेली, हा धरून ठेवतो. गाय मजेत रवंथ करते. पर्लच्या पोटातही होता." त्यांनी दुसऱ्या खिशातून रुमाल काढला, उलगडला. आत पत्र्याची एक चिंधी होती, वीतभर, कडेला लाल रंग. "हे धरलं नाही त्याने."

क्लेमंटने वाकून पाहिलं. "कोशिंबीर," तो हळूच म्हणाला.

"डॉक्टरने पोटातून काढली. मी तुम्हाला गाई मारणारा धातू म्हटलं होतं. लोखंड कोण म्हणालं?"

बेसिलने वहीची दोन पानं उलटली. ते कुणीच म्हणालं नव्हतं.

मग मिस थर्लोंनी क्लेमंटला त्याचं बिनखटक्याचं यंत्र घेऊन बेसिलच्या अर्ध्यात एक फेरी मारायला लावली. रस्त्याकडच्या कडेला ते सारखं चिवचिवत राहिलं. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस. मी एकतीसपर्यंत मोजलं आणि थांबले. बेसिलने मोजणं चालू ठेवलं. त्याच्यात तेवढा प्रामाणिकपणा आहे.

"नापास," तो स्वतःच म्हणाला आणि वही मिटली.

४१

बेसिलचं लोखंड ट्रकमधून गेलं. ट्रक वळेपर्यंत तो शेडच्या दारात उभा होता. कोल्ड एकरच्या फाटकात त्याने अजून पाऊल टाकलेलं नाही, पण रविवारी बाहेर गाडी लावून तो डबे टाकणाऱ्यांचे क्रमांक टिपतो. मिस थर्लो त्याला तिथे चहा पाठवतात.

क्लेमंटने आपला ढीग मात्र ट्रकला दिला नाही. अंगणात कोळसे पेटवले, माझं केस वाळवायचं यंत्र भात्यासारखं लावलं, जुन्या लोखंडी भांड्यात कोशिंबीर वितळवली. रंगाच्या वासाने शेजारीण खिडक्या लावून बसली. वर निम्मी राख आणि मळीच आली. जे उरलं त्याची वाळूच्या साच्यात भाकरीएवढी पाटी निघाली, कडेला थोडी करपलेली: इथे डबे टाकू नका. ती त्याने रस्त्याकडच्या खांबाला दोन खिळ्यांनी ठोकली. खिळे मी आणून दिले.

जूनमध्ये वारा सुटला, खांब कलला, पाटी गवतात पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गवत कापायचं यंत्र फिरलं.

गेल्या रविवारी क्लेमंटने तिचे नऊ तुकडे काढले. नवव्यावर एकच शब्द शाबूत होता: टाकू.

"घुंगरू?" मी विचारलं.

"नाही अजून." त्याने तुकडा बादलीत टाकला. टिण्. "जरा सरक. तुझ्या पायाखाली चाळीस आहे."