फाट्यावरची जीप आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला

मी एक जुनी काळी-पिवळी जीप आहे. नांदूरघाटच्या रस्त्यावर, आमच्या गावाच्या फाट्याला, लिंबाखाली उभी आहे. माझी चाकं गेली, पुढची काच गेली, आणि मागच्या बाकावर आता कोंबड्या अंडी घालतात. पण मित्रांनो, डोळे म्हणाल तर अजून शाबूत आहेत. या फाट्यावर मी जे पाहिलं, त्याने माझं नाक कायमचं मुरडलेलं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी केजच्या रस्त्याला लागले. परवान्यात लिहिलेल्या माणसांच्या दुप्पट माणसं माझ्यात बसायची, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. माझा चालक होता सोमनाथ. केजला शिकायला जाणारी पोरगी असली की तिची आई माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायची, "सोमनाथ, पोरगी बसवली रे!" एवढं ऐकलं की सोमनाथ आपल्या पाठीमागची जागा रिकामी करायचा, बाप्यांना मागे रेटायचा आणि पोरीशेजारी एखादी बाई बसल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. परतताना पोरीच्या गल्लीपाशी हॉर्न वाजवायचा. घरातलं कुणी बाहेर आलं की मगच पुढे जायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्यासारखा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि हे मी कुणाची भीड न धरता सांगते.

पुढे मी म्हातारी झाले. मला तपासायला साहेब आले. त्यांनी ब्रेक दाबले, दिवे लावून पाहिले, खाली वाकून माझं पोट पाहिलं आणि मला नापास केलं. मला राग आला नाही. निदान त्यांनी मला पाहिलं तरी! चालकाला कसं तपासतात ते कळलं, तेव्हा मात्र मला माझी तपासणी फार थोर वाटू लागली.

झालं असं, की फोनवरून गाडी बोलवायची सोय करणारी एक कंपनी आमच्या भागात आली. सरकारचा नियम होता, की पोलिसांनी चालकाच्या वर्तणुकीची चौकशी करून दाखला दिल्याशिवाय त्याला गाडी द्यायची नाही. नियम चांगला आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. आमच्या गावातून दोघांनी अर्ज केला. एक सोमनाथ. दुसरा उत्तरेश्वर, म्हणजे गावचे पुढारी आप्पाराव यांचा भाचा. हा उत्तरेश्वर दिवसभर माझ्या बॉनेटवर बसून पत्ते कुटायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांवर शेरे मारायचा. एकदा पिऊन त्याने मामाचा ट्रॅक्टर ओढ्यात घातला होता. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अर्ज उन्हाळ्यात केले आणि चौकशी आली मार्गशीर्षात. तोवर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं. सोमनाथही बायकोला, बबिताला, घेऊन कोयता उचलून गेला होता. जीप बंद पडल्यावर तो पोट कशावर भरणार? बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर घरांना कुलपं लागतात, हे आभाळातल्या पाखरांना कळतं. पण पोलीस ठाण्यातून चौकशीला आलेले विठ्ठलराव जमादार याच जिल्ह्यात जन्मलेले, तरी त्यांना ते कळेना.

"सोमनाथ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याला गेलाय, सायेब. पाडव्याला यील," शेजारची भामाबाई म्हणाली.

जमादारांनी कुलूप हलवून पाहिलं आणि लिहिलं, 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' झाली सोमनाथची चौकशी!

उत्तरेश्वरसाठी गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांचे जबाब लागत होते. जमादार आप्पारावांच्या ओट्यावर टेकले. चहा आला.

"पोरगं कसं हाय?"

"लई गुणी," आप्पाराव म्हणाले. "घर सोडून कुटं जात न्हाई."

आप्पारावांसोबत रोज पान खाणाऱ्या शेजाऱ्यानेही मान डोलावली. जो रिकामटेकडा घरी सापडला तो सज्जन ठरला, आणि जो कष्टाला गेला तो बेपत्ता. मित्रांनो, असली अक्कल मी माझ्या कोंबड्यांतही पाहिली नाही.

उत्तरेश्वर कंपनीची पांढरी गाडी घेऊन फिरू लागला. भामाबाईची लेक रोहिणी केजला नर्सिंग शिकत होती. कॉलेजच्या वेळेला एसटी नसायची, म्हणून ती दोन मैत्रिणींबरोबर त्या गाडीने जाऊ लागली. एके दुपारी मैत्रिणी आल्या नव्हत्या. ती गाडी करकचून माझ्यासमोर थांबली. रोहिणी उतरली, धावत आली, माझ्यात शिरली आणि तिने माझं मोडकं दार दोन्ही हातांनी ओढून धरलं. उत्तरेश्वरने गाडी सरळ रस्ता सोडून तळ्याकडे वळवली होती. तिने आरडाओरडा केला तेव्हा त्याने तिला इथे आणून सोडलं.

"कामून वरडती गं? गंमत केली!" तो काचेतून हसत म्हणाला. दारूचा वास मला एवढ्या लांबून आला. पोरगी दार सोडायला तयार नव्हती, आणि मला साधा हॉर्नही वाजवता येत नव्हता. तेव्हाइतकी मी माझ्या म्हातारपणावर कधी चिडले नाही.

तक्रार केली, तर कंपनीचं उत्तर आलं, 'आमच्या सर्व चालकांची पडताळणी झालेली आहे.' रोहिणीचे वडील तानाजी म्हणाले, "बास झालं. आता कालेज बंद." पोर घरी बसली. भामाबाई मात्र ठाण्याच्या पायऱ्या झिजवत राहिली.

अखेर पाडवा झाल्यावर विठ्ठलराव जमादार फेरचौकशीला आले. गेले कुठे? पुन्हा आप्पारावांच्या ओट्यावर! परत निघाले आणि फाट्यावर त्यांच्या मोटारसायकलचं चाक पंक्चर झालं. भामाबाई चार बायका घेऊन माझ्याजवळ उभीच होती.

"सायेब, आमचा जबाब घ्या."

"मावशी, प्रतिष्ठित माणसाचा लागतो."

"आप्पाराव कवा बसला का भाच्याच्या गाडीत? त्येला सोताची गाडी हाय. बसतो आमी, बसत्यात आमच्या लेकी. मंग इचारायचं कुनाला?"

जमादार रस्त्याकडे बघू लागले. तेवढ्यात पांढरी गाडी आली. उत्तरेश्वरचे डोळे लाल होते.

"पंक्चर का, सायेब? बसा, ठाण्यावर सोडतो."

जमादारांनी त्याच्याकडे पाहिलं. "नको. येस्टीनं जातो."

"येस्टीला लई टाइम हाय, सायेब."

"थांबतो मी."

मग भामाबाई हळूच म्हणाली, "बसा की सायेब. तुमीच तर चांगला म्हणून लिवलंय."

जमादारांची मान खाली गेली. ते माझ्या मागच्या बाकावर येऊन बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "सांगा मावशी," ते म्हणाले. त्यांच्याखाली एक अंडं फुटलं, पण ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

त्या दिवशी बायकांनी सगळं सांगितलं. उत्तरेश्वरचं आणि सोमनाथचंही. उत्तरेश्वरचा दाखला रद्द झाला, कारखान्याहून परतलेल्या सोमनाथला दाखला मिळाला, आणि ती पांढरी गाडी आता तोच चालवतो. परवा भामाबाईने तिच्या पत्र्यावर थाप मारली, "सोमनाथ, पोरगी बसवली रे!" आणि रोहिणी केजला गेली. माझ्या गंजलेल्या पत्र्यालाही ती थाप लागल्यासारखी वाटली.

मित्रांनो, मला उद्या भंगारात घाला, माझी तक्रार नाही. पण तुमच्या गावात चालकाची चौकशी करायला कुणी आलं, तर त्याला चहा पाजण्याआधी एकच विचारा, "साहेब, या गाडीत तुमच्या लेकीला एकटीला बसवाल का?"