माझ्या भेगेतला पिंपळ

मित्रांनो, अंधेरीच्या मोठ्या रस्त्यावर मोबाइलच्या कव्हरांची दुकानं आहेत ना, ती ज्या जुन्या इमारतीच्या पोटात आहेत, ती मी.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं आणि अंधेरी हे भातशेतीचं गाव होतं, तेव्हा एका भाताच्या व्यापाऱ्याने मला काळ्या दगडात आणि चुन्यात बांधलं. खाली कमानी, वर सागवानी गॅलरी. बाजाराला निघालेल्या कोळणी माझ्या सावलीत टोपल्या उतरवून घटकाभर बसायच्या. व्यापारी कुणाला उठवत नसे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

पुढे मालक बदलले. कमानींना शटर लागली, एसीसाठी भिंतींना भोकं पाडली, चुन्यावर सिमेंट थापलं. पाणी आत मुरू लागलं. मी कुणाला सांगणार?

मग गॅलरीच्या तुळया भिंतीत शिरतात तिथल्या भेगेत एका पाखराने टाकलेल्या बीतून पिंपळ उगवला. वर राहणाऱ्या रुक्मिणीकाकू दर शनिवारी त्याला पाणी घालू लागल्या, हात जोडू लागल्या. इतक्या वर्षांत माझ्या अंगाला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता. पण ती माया माझ्यासाठी नव्हती. आणि मुळं माझे सांधे उसवत होती.

गॅलरीखाली रोज शाळेच्या बससाठी मुलं उभी राहतात. एका सकाळी छोट्या सईच्या केसांत चुन्याचा खडा पडला. तिची आई उत्तरा हिने तिला झटकन मागे ओढलं, शेजारणीजवळ उभं केलं आणि ती तडक जिना चढून वर आली.

"काकू, तो पिंपळ काढायला हवा. गॅलरी खाली येईल!"

"पिंपळ तोडू? वेडी की काय गं! पाप लागतं."

"आणि पोरांच्या डोक्यावर पडली तर पुण्य लागेल?"

"तोंड फार चालतं हां तुझं!"

काकू तणतणत कठड्याशी गेल्या. खाली मुलं एकमेकांना ढकलत खिदळत होती, अगदी भेगेच्या खाली.

"पोरांना आधी पलीकडे ने," त्या हळूच म्हणाल्या. "मी त्याची क्षमा मागते, मग माणूस बोलाव. पण तोडायचा नाही हं, मुळासकट काढायचा. दिंडोशीला माझ्या भावाच्या कॉलनीमागे मोकळी जागा आहे, तिथे लावू."

पिंपळ निघाला तेव्हा माझे दोन दगडही सुटून आले. मालकाने कुरकुरत लोखंडी टेकू लावलेत. खरी दुरुस्ती अजून व्हायची आहे. होईल की नाही, ठाऊक नाही.

मित्रांनो, म्हाताऱ्या इमारतीला पूजा नको असते. भेग दिसली तर मोठ्यांना सांगा. त्यांनी "बघू" म्हटलं तर पुन्हा सांगा. आणि मी नीट होईपर्यंत माझ्या सावलीला येऊ नका. मला करमणार नाही, पण चालेल.