थाळी पुढे गेली

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी 'ची एफो' मासिकाची वाचनसभा भरे. 'ची एफो' म्हणजे उजाडलं. नायजेरियातल्या एनुगू शहरात ऊन उतरायला लागलं की माणसं यायची, आणि विषय कवितेचा असो की निवडणुकीचा, भांडूनच घरी जायची. खुर्च्या मांडण्यापासून वक्त्याला पाणी देण्यापर्यंत सगळं उपसंपादक उजू बघे. अठरा वर्षं बघत होती.

त्या शनिवारी मास्तर इलोका आपला लेख वाचणार होते. एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्या कुठल्याशा पणजोबाला गावानं देवाला वाहिलं होतं, तेवढ्यावर पुढच्या साऱ्या पिढ्या ओसू ठरल्या. ओसू म्हणजे बाजूला बसवायची माणसं. कायद्यानं हे कधीच मोडीत काढलंय. लोक चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसतात, आपली पोरं त्यांच्याकडे शिकवणीला धाडतात. फक्त सोयरीक जुळवायची झाली की आधी कुणीतरी गावाकडे जाऊन हळूच चौकशी करून येतं. मास्तरांच्या लेकीचं, न्केमचं, लग्न असंच मोडलं. त्यावर त्यांनी लिहिलं होतं. तो लेख तपासताना उजूनं दोनदा डोळे पुसले होते आणि संपादक दुबेमला बजावलं होतं, "ह्यातला एक शब्द कापलास तर बघ."

सभा सुरू व्हायची कोलानं. हजर असलेल्या पुरुषांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यानं कोलाची बी हातात घ्यायची, सर्वांसाठी आशीर्वाद मागायचा, मग ती फोडून वाटायची. फोडायचा मान बाईला नाही, थाळी नेऊन ठेवायला मात्र कुणाची हरकत नसते. उजूनं थाळीत कोला ठेवले, कडेला पांढरी वांगी आणि शेंगदाण्याची तिखट चटणी, आणि ती निघाली. दुबेमनं तिला खांबाआड गाठलं.

"थाळी चीफना दे." चीफ म्हणजे मानाची पदवी मिरवणारे, हॉलचे मालक.

"अरे, मास्तर मोठे आहेत. चीफ सहासष्टचे."

"वय मलाही कळतं, बाई. मास्तरांनी फोडलेला कोला इथं कोण तोंडात घालेल? अर्धी सभा उठून जाईल. मग लेख ऐकवतेस कुणाला, खुर्च्यांना? आणि हा हॉल कुणाचा आहे, विसरलीस? आधी लेख होऊ दे, मग कर क्रांती."

उजूला ते शहाणपणाचं वाटलं. निदान तसं तिनं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की 'मास्तरांनी फोडलेला कोला' हे शब्द ऐकताच तिच्याही जिभेनं क्षणभर अंग चोरलं होतं. लेखावर रडलेल्या बाईची जीभ!

पहिल्या रांगेत मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. रुमालानं एकेक बोट पुसून ते अर्धवट उठलेही होते. उजूनं मान खाली घातली, वांग्यांकडे बघत थाळी त्यांच्यासमोरून पुढे नेली आणि चीफच्या हातात दिली.

मास्तर सावकाश खाली बसले. चीफनी लांबलचक आशीर्वाद मागितला. सगळ्यांच्या लेकरांसाठी, सगळ्यांच्या घरांसाठी. 'सगळ्यांच्या' ह्या शब्दावर त्यांचा फार जोर होता.

मास्तरांचं नाव पुकारलं गेलं. ते माईकपाशी गेले, चष्मा लावला, आणि हातातले कागद उलगडलेच नाहीत.

"आठ पानं लिहून आणलीत," ते म्हणाले. "पण त्यात आहे ते तुम्ही आत्ताच बघितलंत. तेच पुन्हा वाचून तुमचा वेळ कशाला घेऊ?"

मागच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे माईकवरून काहीही बोललं तरी वाजतात. मग त्यांचं त्यांनाच काही उमगलं आणि हात थांबले. मास्तर टोपी घालून मधल्या वाटेनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजू त्यांच्या घरी गेली. न्केम मागच्या दारच्या पायरीवर बसून भोपळ्याच्या बिया सोलत होती.

"आलात? या. पप्पा झोपलेले नाहीत, नुसते पडलेत."

"एवढा सुंदर लेख, न्केम, आणि माझ्यामुळे..."

"लेखाचं सोडा हो, मावशी. तो त्यांनी एकदाही वाचून बघितला नाही. चार दिवस आशीर्वादच पाठ करत होते. आरशासमोर! मी हसले तर मला म्हणाले, हस, पण त्या सभेत मीच मोठा असणार, मी चौकशी केलीय."

उजू तिच्याशेजारी पायरीवर बसली. तेवढ्यात मास्तर दारात आले. ती उठून त्यांचे पाय धरू लागली, तसे ते मागे सरले.

"हे काय, पोरी?"

"माफ करा, मास्तर. तुम्ही आत्ता मागा आशीर्वाद. मी ऐकते. तुम्ही फोडा, मी खाते."

"घरात तर मी रोज फोडतो. इथं मला कोण अडवतंय?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "थाळी भरसभेत पुढे नेलीस, आणि माफी मागायला मागच्या दारी आलीस?"

त्या महिन्यात उजूनं मासिकात सभेचा वृत्तान्त लिहिला नाही. "अंगात आलंय का तुझ्या?" दुबेम म्हणाला. पुढच्या महिन्याच्या सभेत, पाहुण्या कवीचं नाव पुकारायच्या आधी, तीच माईकपाशी गेली.

"गेल्या सभेत वयानं मोठे मास्तर इलोका होते," ती म्हणाली. "ते ओसू म्हणून मी थाळी त्यांच्यासमोरून पुढे नेली. कुणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही, हात माझे होते. आणि तुम्ही सगळ्यांनी ते बघितलं."

'ओसू' हा शब्द, आणि माईकवरून! चीफ काठी टेकत उठले. त्यांच्यामागून एक रांग उठली. तिसऱ्या रांगेतून तिची सख्खी मावशी उठली. दुबेम कपाळाला हात लावून बसला होता. बोलून टाकलं की हलकं वाटेल, असं उजूला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मास्तर आले नव्हते. का यावं त्यांनी?

"उरलेल्यांना विचारते," ती म्हणाली. "मास्तरांच्या घरी जाऊन त्यांना बोलवायचं आहे. कोण येतं माझ्याबरोबर?"

कुणी हललं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते, जशी ती त्या दिवशी वांग्यांकडे बघत होती. उजू उत्तराची वाट बघत माईकपाशी उभी राहिली. खाली बसली नाही.