नंबर माझा, नाव तुमचं

"दाजी, त्याचं नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. नंबरसुद्धा गिळून टाका."

माझा मेहुणा सलूनच्या खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती पांढरं फडकं, अर्ध्या गालावर साबण, आणि त्या अवतारात तो मला हुकूम सोडत होता. बायकोचा धाकटा भाऊ. बसवर कंडक्टर आहे. दिवसभर लोकांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून म्हणून त्याला वाटायला लागलंय की अख्खं जग त्याच्या सांगण्यावर सरकतं.

"गिळून टाका म्हणजे काय रे? पाहुण्यांची यादी वाचायची असते मला. तीन नंबरनंतर एकदम पाच वाचू?"

"वाचा की. कोण फाशी देतंय तुम्हाला?"

"हलू नकोस," सलूनवाला म्हणाला. "कान जाईल."

त्या दिवशी दुपारी चार वाजता आमच्या मैदानावर नदीपलीकडच्या क्लबशी फुटबॉलचा सामना होता. आणि त्यांच्याकडून खेळायला आमचाच सुतार येणार होता. अकरा वर्षं आमचा, त्यातली सहा वर्षं कॅप्टन, चार नंबरची जर्सी. दोन महिन्यांपूर्वी ऐन हंगामात तो पलीकडे गेला, तिथेही चार नंबरच घेतला. गेला की घालवला, यावरून गावात भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. मला विचाराल तर माझं डोकं दोघांवरही फिरलेलं होतं, जाणाऱ्यावर आणि घालवणाऱ्यावरही.

"घर फिरलं की घराचे वासे फिरतात," मेहुणा म्हणाला. "क्लब खाली घसरला, दुसऱ्या श्रेणीत आला, तसा साहेबांनी बाडबिस्तरा उचलला. बाकीचे दहा थांबलेच ना?"

"बाकीच्या दहांना विचारतंय कोण?" सलूनवाल्याने वस्तरा पुसला. "त्याला विकलाय. सिमेंटवाल्यानं कागद पुढे टाकला असणार, सही कर, नाहीतर वर्षभर बाकावर बस. तू काय केलं असतंस?"

"बाकावर बसलो असतो!"

"तू बसमध्येसुद्धा बसत नाहीस, ड्रायव्हरशी भांडत उभा असतोस."

सिमेंटवाला म्हणजे आमचा मालक. तीन वर्षांपूर्वी त्याने क्लब घेतला. आधी सभासद मंडळ होतं, भांडत होतं, पण निदान मैदानात बसून भांडत होतं. हा उंटावरून शेळ्या हाकणारा. सामन्याला येतो आणि मध्यंतरात उठून जातो. पहिल्या वर्षी त्याने आमची हिरवी जर्सी राखाडी केली, त्याच्या पोत्यांच्या रंगाची. दुसऱ्या वर्षी लहान मुलांचा संघ बंद केला. तिसऱ्या वर्षी आम्ही खाली घसरलो, तेव्हा पेपरात म्हणाला, पाया मजबूत करतोय. याच्या पायाच्या तर मी… जाऊ द्या.

"मग तू सांग," मेहुणा आरशातून माझ्याकडे बघत होता, "आपण आठ हजार लोक शिट्ट्या घेऊन बसणार. तुम्ही नाव उच्चारलं रे उच्चारलं की कान फुटेस्तोवर वाजवणार. पण मला विचाराल तर तेवढीही लायकी नाही त्याची. वगळाच."

एवढ्या बोलण्यात तो माझ्याशी "तू"वर कधी गेला आणि परत "तुम्ही"वर कधी आला ते त्याला कळलं नाही. चिडला की त्याचं असंच होतं.

आता माझं काम सांगायला हवं. मी कोर्टात पुकारा करणारा शिपाई. दिवसभर दारात उभा राहून वादी-प्रतिवादींना हाका मारायच्या. देवाने हात-पाय बेताचे दिले, पण गळा दिला. त्या गळ्यामुळे एकोणीस वर्षांपूर्वी क्लबने मला मैदानावरच्या माइकवर बसवलं. सामन्याआधी खेळाडूंची नावं पुकारायची. त्याबद्दल मिळतं काय, तर एक पास आणि दोन कप चहा. बायको म्हणते, फुकट फौजदारी. म्हणू दे. आठवड्याचे सहा दिवस माझी हाक ऐकून लोकांचा चेहरा पडतो. एका दिवशी आठ हजार लोक माझ्या हाकेची वाट बघतात. मला आयुष्यात एवढंच मिळालंय आणि ते मला पुरेसं आहे.

पहिल्याच हंगामात एक गंमत झाली होती. मी म्हणालो, "एक नंबर," आणि माइक बंद पडला. मी वरच्या केबिनमध्ये डबड्यावर थापा मारतोय, आणि खालून अख्खी गॅलरी ओरडली, "वाघ्या!" आमच्या गोलकीपरला सगळे वाघ्याच म्हणायचे. माइक सुरू झाला, मी घाईत म्हणालो, "दोन नंबर," आणि जरा थांबलो. परत गॅलरी ओरडली. तेव्हापासून तीच आमची रीत. नंबर माझा, नाव लोकांचं. नाव पुकारलं की तो खेळाडू मैदानातून हात वर करतो. एकोणीस वर्षांत घरच्या एकाही खेळाडूचं नाव मी माइकवर घेतलेलं नाही. पाहुण्यांचं मात्र नंबर आणि नाव एका दमात, बाजारात भाव सांगावेत तसं.

सुतार एकोणीस वर्षांचा होईपर्यंत बापाच्या हाताखाली दारं-खिडक्या बनवायचा. निवड चाचणीला आला तेव्हा केसांत भुसा होता, म्हणून गॅलरीने त्याला सुतार केलं. त्याचं खरं नाव मैदानात कुणी कधी घेतलंच नाही. मी "चार नंबर" म्हणून थांबलो की जो आवाज यायचा, तसा दुसऱ्या कुणाला आला नाही. म्हाताऱ्या बायका ओरडायच्या हो! आणि हा गृहस्थ आमच्यापैकी एकालाही चकार शब्द न सांगता पलीकडे गेला. एकदा येऊन सांगायचं होतं. "मला जावं लागतंय", चार शब्दही नाही, तीनच. मी काय त्याला अडवणार होतो?

सलूनमधून उठताना मी मेहुण्याला म्हणालो, "वगळणार नाही. यादीतलं नाव वाचणार, तिऱ्हाइताचं वाचतात तसं. त्याला कळू दे, तो आपला कुणी नाही."

"हे चालेल," मेहुणा म्हणाला. "मग आम्ही आहोतच."

घरी न्हाणीघरात मी त्याचं यादीतलं नाव पाच-सहा वेळा म्हणून बघितलं. कोरडं, सपाट, थुंकल्यासारखं. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, कुणाशी भांडताय आत?"

तीन वाजता केबिनमध्ये पोचलो तर मॅनेजर आधीच येऊन बसला होता. मालकाच्या ऑफिसातला, पन्नाशीचा, अतिशय नम्र. अशा नम्र माणसांची मला धडकी भरते.

"बसा ना," तो मला माझ्याच खुर्चीवर बसायला सांगत होता. "एक छोटी गोष्ट. तुम्ही नंबर म्हणून जे थांबता ना, ते आम्ही मोजलं. प्रत्येकामागे चार सेकंद. अकरांचे चव्वेचाळीस. त्यात आमच्या दोन जाहिराती बसतात."

"ती रिकामी जागा नाही, साहेब. तिथे लोक बोलतात."

"हो, छानच आहे ते. पण लोक तर नंतरही बोलू शकतात. आवाज रेकॉर्ड करून तयार आहे आमच्याकडे, नंबर, नाव, सगळं. आज तुमच्या पद्धतीने करा. नीट पार पडलं तर मालकांशी बोलतो मी. फक्त पाहुण्यांची यादी जशीच्या तशी वाचा. लोक आधीच तापलेत. काही वेडंवाकडं झालं, तर पुढच्या सामन्यापासून मशीन. समजून घ्या."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी मान हलवली. काय करणार? दात-ओठ खाऊन माइक गेला असता, मान हलवून वाचला असता. यादी वाचायची, बस्स. एकोणीस वर्षांत मी कधी चुकलो नव्हतो.

आमच्याकडे घरचे आधी, पाहुणे नंतर. मी घरचे सुरू केले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, गॅलरीने नावं दिली, राखाडी जर्सीतले हात वर गेले. "चार नंबर," मी म्हणालो. तिथे कुठूनसा उसना आणलेला नवा खेळाडू होता. त्याला अजून नाव पडलेलं नव्हतं. कुणी काही म्हणालं, कुणी काही, आणि तो बिचारा हात वर करू की नको अशा विचारात अर्धा हात उचलून उभा राहिला. मी घाईने पाच नंबर म्हणालो. अकरा संपले.

मग पाहुणे. पलीकडचा संघ ओळीत उभा होता, निळ्या जर्सीत. एक नंबर आणि नाव. दोन नंबर आणि नाव. तीन नंबर आणि नाव. गॅलरी शांत होत गेली. वरून मला दिसत होतं, हजारो लोकांनी शिट्ट्या ओठांत धरल्या होत्या. पुढच्या रांगेत मेहुणा उभा होता.

"चार नंबर," मी म्हणालो.

आणि थांबलो.

शप्पथ सांगतो, मुद्दाम नाही. यादी समोर होती, नाव समोर होतं, सकाळभर घोकलेलं होतं. पण अकरा वर्षं "चार नंबर" म्हटल्यावर हा गळा थांबत आलाय. तो थांबला.

शिट्ट्या नावावर मारायच्या ठरल्या होत्या. नाव आलंच नाही. त्यामुळे शिट्टी वाजली नाही आणि नावही कुणी घेतलं नाही. आठ हजार माणसं, आणि कुठलंसं पोर रडत होतं तेवढं ऐकू येत होतं. खाली मैदानात सुताराने हात वर केला. त्यालाही तीच सवय. वर केला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की कुणी बोललेलं नाही. पण त्याने हात खाली घेतला नाही. मान खाली आणि हात वर, असा उभा राहिला. शिक्षा केलेल्या पोरासारखा.

एक सेकंद, दोन, तीन, चार. मॅनेजर माझ्या कानाशी पुटपुटत होता, "वाचा, वाचा पुढे."

मला सुताराचा इतका राग होता की समोर आला असता तर थोबाडीत मारली असती. आजही आहे. पण अकरा वर्षं ज्याच्या नावाने ही गॅलरी घसा बसवून घ्यायची, त्याला असं उघड्यावर हात वर करून उभं करायचं? इतरांची माणुसकी सिमेंटवाल्याने विकत घेतली असेल, माझी नाही.

"सुतार," मी माइकमध्ये म्हणालो. "आपला सुतार."

मग शिट्ट्या वाजल्या. कान फुटेस्तोवर वाजल्या. पण गॅलरीची तोंडं मैदानाकडे नव्हती, वर केबिनकडे होती. गद्दार, गद्दार! मला म्हणत होते, मला! मेहुणा तर बाकावर चढून दोन्ही हात वर करून ओरडत होता. सुताराने हात खाली घेतला. केबिनकडे बघितलं असेल किंवा नसेल, मला नीट दिसत नव्हतं. उरलेली सात नावं मी वाचली, पण ती कुणाला ऐकू गेली नाहीत.

आम्ही एका गोलने हरलो, असं नंतर कळलं. सुताराने आमचे दोन हमखास गोल रेषेवरून काढले. काम चोख करायची खोड मेली.

मध्यंतरात मॅनेजरने हात पुढे केला. "केबिनची किल्ली."

"तुम्हाला ते चव्वेचाळीस सेकंद हवेच होते," मी म्हणालो. "निमित्त मिळालं."

"तुम्हीच दिलंत," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. आणि खोटं काय होतं त्यात? ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागच्या जिन्याने घरी आलो.

मेहुणा दोन आठवडे आमच्याकडे फिरकला नाही. बहिणीला म्हणे फोनवर सांगितलं, "दाजींनी आठ हजार लोकांच्या तोंडाला पानं पुसली." सलूनमध्ये गेलो तर तीन ओळखीचे लोक पेपरात तोंड खुपसून बसले. सलूनवाला एकटाच बोलला, तोही एवढंच, "मागून बारीक करू?" रात्री ताटावर मी उगाच बायकोवर खेकसलो. ती म्हणाली, "माझ्यावर काढू नका. बोललात ते बरोबर बोललात, आता निस्तरा."

पुढच्या सामन्याला मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिकीट काढलं. जायचं नव्हतं, पण घरीही बसवेना. गॅलरीत शिरलो. लोकांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं. पुढच्या रांगेत मेहुणा बसला होता. माझ्याकडे न बघता तो वीतभर सरकला. मी बसलो. दोघंही समोर मैदानाकडे बघत राहिलो.

राखाडी जर्सीतले अकरा जण ओळीत उभे राहिले. भोंगा खरखरला.

"एक नंबर," आवाज म्हणाला. गोड, गुळगुळीत, कुठल्या तरी बाईचा. सवयीने गॅलरीने श्वास भरून घेतला. तोंड उघडेस्तोवर नाव होऊन गेलं होतं, आणि दोन नंबरही. तीन नंबरला काही जणांनी जोर लावून बघितला, पण त्यांचा ओरडा चार नंबरच्या नावावर जाऊन आदळला. मैदानातल्या पोरांनाही कळेना. सहा नंबरने हात वर केला तेव्हा आवाज आठवर होता. मागे कुणीतरी हसलं. मग कुणी प्रयत्नच केला नाही. अकरा नावं केव्हा संपली कळलं नाही, आणि सिमेंटची जाहिरात सुरू झाली.

मेहुणा अजून उभाच होता, मूठ वर आणि तोंड अर्धवट उघडं. नऊ नंबर त्याचा लाडका, त्याच्यासाठी तो दर वेळी उभा राहायचा. तो हळूच खाली बसला. जाहिरात संपली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दाजी, तो आवाज नंबरनंतर थांबतच नाही हो."