ताठर शब्दाचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत कडकपणाच्या शब्दांवर सात आठवडे काम चाललं होतं. काम म्हणजे काय, तर भांडण. चहा कडक, इस्त्री कडक, मास्तरही कडक. पण वेलीवर राहून गेलेली काकडी निबर आणि तेल न लावलेले केस राठ. इथवर ठीक होतं. माणसांपाशी आलो आणि घोडं अडलं. संपादकांचं म्हणणं, ते स्वतः करारी. त्यांचे वरिष्ठ हेकट, शेजारी आडमुठे, आणि अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली राबणारी मी टणक.

'ताठर'ला मात्र उदाहरण मिळेना. उदाहरण मनानं रचायचं नाही, हा संपादकांचा दंडक. खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं वाक्य कार्डावर लिहायचं, मग संपादक स्वतः त्या माणसाकडे जाऊन ते पडताळणार. 'राठ'साठी ते एका न्हाव्याकडे चार वेळा जाऊन आले, तेही डोक्यावर एक केस नसताना.

त्या दिवशी तीन वाजता त्यांची मुलगी आली. दोन वर्षांपूर्वी तिनं कोशाचं काम सोडून केस कापायचं दुकान काढलं, तेव्हापासून बापलेकीत अबोला. आता ती परदेशी निघाली होती, कायमची. साडेचारची बस समोरच्याच थांब्यावरून होती. पहारेकऱ्यानं वर निरोप आणला.

"कामाच्या वेळेत भेटत नाही म्हणावं," संपादक म्हणाले आणि 'ठाम'चं एकच कार्ड तासभर वाचत बसले.

सव्वाचारला माझं डोकं फिरलं. मी खाली गेले. ती दाराबाहेरच्या बाकावर दोन बॅगा घेऊन बसली होती.

"काय म्हणतात?"

"काम आहे म्हणतात."

ती हसली. "आमचे बाबा भारी ताठर हो. जरा वाकायचं म्हटलं की त्यांची कंबर धरते."

मी तिथल्या तिथे कार्ड काढलं आणि वर येऊन त्यांच्यापुढे ठेवलं. शब्द: ताठर. बोलणारी: संपादकांची मुलगी. ठिकाण: खालचा बाक.

त्यांचे कान लाल झाले. चष्मा दोनदा पुसून झाला.

"हे पडताळावं लागेल," ते म्हणाले.

"तुमचाच नियम, सर."

बाप म्हणून जे पाऊल उचलत नव्हतं, ते संपादक म्हणून झटक्यात उचललं. पेन्सिल घेऊन ते जिना उतरले. मी खिडकीशी धावले. इतकी खूश झाले होते की पहिल्यांदाच त्या दंडकाला मनातून हात जोडले.

ते तिच्यापुढे उभे राहिले, बसले नाहीत. कार्ड वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. त्यांनी सही केली. मग ती काहीतरी बोलली, आणि त्यांनी कार्डाच्या मागे ते लिहून घेतलं. तेवढ्यात बस आली. ती चढली, बस गेली, ते तसेच लिहीत होते.

वर येऊन त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. "वाक्य बरोबर आहे. 'भारी' ठेवा."

मी मागची बाजू बघितली. तिथे त्यांच्या सुवाच्य अक्षरात होतं: 'बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना?'

"हे कुठल्या शब्दाखाली घालायचं?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

मला रागही आला आणि रडूही आलं. "सर, हे कुठे घालायचं नसतं. ह्याला उत्तर द्यायचं असतं. काय सांगितलंत तिला?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"तारीख लिहीत होतो," ते म्हणाले.