जाळ्याच्या गाठी

गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होऊन गेलं, तेव्हा दत्ताराम लाँचमध्ये बसून घारापुरीला आला. परळच्या गिरणीतला हा नावाजलेला विणकर, पण आता हाताला कामच नव्हतं. लालबागला त्याच्या चाळीत मासळी विकणारी सोनूबाई म्हणाली होती, "माझा भाव जगन बेटावर ऱ्हातो. जाळी सांधायला मानूस पायजे त्याला. जा, माझं नाव सांग."

जगनने त्याला पाहुण्यासारखं घरात घेतलं. त्याच्या बायकोने, रखमाने, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. मग फाटकं जाळं पुढ्यात आलं. गाठ पाहून दत्तारामला हसूच फुटलं. मागावर तुटलेला धागा जोडायची, तीच ही गाठ! त्याची बोटं भराभर चालू लागली.

"आयला, मशीनच हाय हा!" म्हणत जगन दुपारी तेच जाळं घेऊन समुद्रात गेला.

दत्ताराम खुशीत दुसरं जाळं सांधायला बसला. आता रोजचं काम मिळालं, हे शैलाला, बायकोला, कधी सांगतो असं त्याला झालं होतं. तेवढ्यात रखमाने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे द्येवा! गाठीची टोकं कापलीस?"

"कापायचीच ना, वहिनी?"

मागावर गाठीचं टोक राहिलं तर फणीत अडकतं, कापड बिघडतं. वीस वर्षं तो छोट्या कातरीने टोकं मुळापासून उडवत आला होता.

"सूत न्हाय, नायलॉन हाय ह्यो. बोटभर टोक सोडायचं. न्हायतर पान्यात सगळ्या गाठी सुटतात."

दत्तारामने झटकन समुद्राकडे पाहिलं. होडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. एवढ्या मिनतवारीने मिळालेलं काम त्याने पहिल्याच दिवशी घालवलं होतं. वर जिथे जेवला, त्यांच्याच पोटावर पाय दिला होता.

धक्क्यावर शेवटच्या लाँचचा भोंगा वाजला. पळावं का? तो उठला, चार पावलं गेलाही. मग स्वतःचीच लाज वाटून परत येऊन बसला. लाँच गेली. दर दोन मिनिटांनी तो पाण्याकडे बघत होता.

उन्हं उतरली तेव्हा होडी आली. जाळ्याला माणूस जाईल एवढी भोकं पडली होती आणि टोपलीत मूठभर मांदेली.

"जगनदादा, चूक माझी आहे. टोकं मी कापली."

जगनने एक सणसणीत शिवी हासडली. मग रिकाम्या धक्क्याकडे पाहिलं.

"तुला आधी सांगायचं इसरलोच मी. मागं दोन गिरनीवाले आलते. त्यांनी बी अशीच कापली. मी येईस्तोवर लाँच पकडून पसार!"

तो खाली बसला. एक गाठ मारून, बोटभर टोक सोडून दाखवलं आणि सुई दत्तारामच्या हातात कोंबली.

"आज हितंच झोप. उद्या येळेवर कामाला ये."

दीड वर्षात 'कामाला ये' असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. "येतो" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तो पंचेचाळीस वर्षांचा बाप्या जगनसमोर ढसाढसा रडला.